चौकटीचा कोपरा

मराठी घरात भिंतीवर टांगलेल्या देवाच्या चित्राला तसबीर म्हणतात. शब्द मूळचा अरबी, ‘तस्वीर’. मराठीत रुळताना ‘व’चा ‘ब’ झाला आणि तो इतका घरचा झाला की लक्ष्मीची तसबीर, दत्ताची तसबीर म्हणताना कुणाला परकं काही बोलतोय असं वाटत नाही. गंमत अशी, की ज्यांच्या नमाजेची भाषा अरबी त्या आमच्या घरांत मात्र तसबीर सहसा नसते. सजीवांची चित्रं असतात त्या घरात फरिश्ते येत नाहीत, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. म्हणून आमच्या भिंतीवर आयतुल कुर्सी असते, चार कुल असतात, मक्का-मदिनेचं चित्र असतं. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालायची रीत आमच्यात नाही.

भिंतीवर काहीही असो, त्याला चौकट लागते. आणि चौकट तुटते ती नेहमी कोपऱ्यात. काच फुटते हा अपघात. कोपरा उघडणं हा अपघात नसतो. ज्या दिवशी तो जोडला त्याच दिवशी त्याचं उघडणं ठरलेलं असतं, फक्त आपल्याला दिसतं काही वर्षांनी. हे मला भाईंदर पूर्वेच्या एका फ्रेमवाल्या चाचांकडे कळलं.

मीरा-भाईंदर हे तसं नवं शहर. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महापालिका. मिठागरं आणि शेतजमिनींच्या कडेने इमारती उठत गेल्या. २००१च्या जनगणनेत इथे पाच लाखांवर माणसं होती, २०११ला आठ लाखांवर. म्हणजे दहा वर्षांत किती घरांत पहिल्यांदा खिळा ठोकला गेला असेल, याचा हिशेब करा. नव्या घरात पहिला खिळा बहुतेक वेळा चौकटीसाठीच असतो. गणपती असो, येशू असो, कलमा असो की आजोबा असोत.

चाचा मूळचे सहारनपूरचे. सहारनपूर लाकडी नक्षीकामासाठी प्रसिद्ध आहे आणि ते काम करणारे कारागीर मोठ्या संख्येने मुस्लिम आहेत. चाचा तिथे पोरवयात पटाशी धरायला शिकले, मग मुंबईत येऊन गिरगावातल्या एका फ्रेमच्या दुकानात लागले. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईतली बरीच मुस्लिम कुटुंबं मीरा रोडला आली, त्यांत हेही आले. राहायला नया नगर, कामाचा गाळा भाईंदर पूर्वेला. शेजारी स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने. दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज, आणि त्या आवाजात चाचा शांतपणे पट्ट्यांना फेविकॉल लावत असतात.

मी त्यांच्याकडे गेले ते अब्बांचं मानपत्र घेऊन. अब्बा बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक होते. ते निवृत्त झाले तेव्हा गावाने त्यांना मानपत्र दिलं, सागवानी चौकटीत, काचेखाली. आमच्या साऱ्या नातेवाइकांत भिंतीवर मराठी कागद असलेलं हे एकच घर. अब्बा गेले तेव्हा त्यांचा फोटो अम्मीने आपल्या कपाटात ठेवला, भिंतीवर लावला नाही. भिंतीवर त्यांच्या नावाने आहे ते हे मानपत्रच. अम्मी माझ्याकडे राहायला आली तेव्हा ते गोधडीत गुंडाळून सोबत आणलं. मीरा रोडच्या दुसऱ्याच पावसाळ्यात त्याचा खालचा डावा कोपरा उघडला. बोटभर फट पडली आणि काच तिरकी होऊन खाली सरकू लागली.

चाचांनी चौकट उलटी करून कोपऱ्यात नख घातलं, वास घेतला आणि म्हणाले, “बेटी, ये सरेस है.”

आपण मराठीत त्याला सरस म्हणतो. जनावरांची कातडी, हाडं, शिरा उकळून केलेला गोंद. वड्या नाहीतर दाणे रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात ते वितळवायचे. थेट विस्तवावर ठेवला की करपतो. लावायचा तो गरम असतानाच. थंड झाला की थिजतो. वास असा, की सुताराच्या घरातून जाताना नाक धरावं. पण पिढ्यान् पिढ्या लाकूड जोडलं ते याच गोंदाने. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघरी पोचल्या. त्या काळात लाकूड जोडायला सुतारांच्या हाताशी होता तो सरसच. मक्केच्या चित्राची चौकटही त्यानेच जोडलेली असायची.

सरसाचा मोठा दुश्मन म्हणजे ओल. बार्शीची हवा कोरडी, तिथे तो कोपरा दशकानुदशकं जागचा हलला नाही. इथे एका बाजूला वसईची खाडी, पलीकडे समुद्र आणि चार महिने पाऊस. ओल्या हवेत सरस मऊ पडतो. त्यात लाकूडही गप्प बसत नाही. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीला फुगतं. चौकटीच्या पट्ट्या टोकाला ४५ अंशांत तिरक्या कापलेल्या असतात. दोन मिळून ९०. पट्टी रुंदीला फुगली की हे ४५ अंश ४५ राहत नाहीत. पावसाळ्यात कोपऱ्याची बाहेरची बाजू उघडू पाहते, कोरड्या हवेत आतली. वरून चौकट चौकोनी दिसते, पण वर्षभर तिचे चारही कोपरे थोडे थोडे ओढले जात असतात. गोंदाने धरायचं असतं ते या ओढीला.

“आता फेविकॉल लावून देणार ना?” मी विचारलं.

“लगाऊंगा. मगर पहले इसको पिलाना पडेगा.”

मला समजलं नाही. मग त्यांनी जे केलं ते मी उभी राहून पाहिलं. त्यांनी आधी गंजलेल्या चुका एकेक करून उपटल्या. गरम पाण्यात बुडवलेलं फडकं कोपऱ्यांवर दाबून ठेवलं. दहा मिनिटांत सरस सुटला आणि चारही पट्ट्या वेगळ्या झाल्या. जुना गोंद खरवडून, पुसून त्या दिवसभर वाळत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. त्यांनी टोकांवरून धार लावलेला रंधा अगदी हलका फिरवला. सागवानात तेल असतं, ते पृष्ठभागावर आलं की गोंद नीट धरत नाही. म्हणून टोक ताजं करायचं आणि लगेच गोंद लावायचा. मग पट्ट्या गोंदाशिवाय जुळवून पाहिल्या, गुण्या लावून काटकोन बघितला. गोंद लावल्यावर चूक सापडली तर उपयोग नाही, म्हणून सगळं तपासणं आधीच.

मग डब्यातला फेविकॉल बोटावर घेतला आणि चारही पट्ट्यांच्या टोकांवर पातळ थर चोळला. नुसता लावला नाही, चोळून आत घातला. आणि पट्ट्या न जुळवता तशाच ठेवून दिल्या. पाच मिनिटांनी पाहिलं तर टोकांवरचा पांढरेपणा नाहीसा झालेला. गोंद लाकडाने पिऊन टाकला होता. त्यावर त्यांनी दुसरा थर दिला, पहिल्यापेक्षा जाड, आणि मग पट्ट्या जुळवल्या.

“लकडी का मुंह प्यासा रहता है,” चाचा म्हणाले. “पहले पिलाओ, फिर चिपकाओ. पहला हाथ लकडी का, दूसरा हाथ जोड का.”

यामागचं कारण साधं आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना मुळांचं पाणी याच नळ्यांतून वर चढतं. पट्टीच्या लांबीवर बोट फिरवलं तर या नळ्यांची कूस हाताला लागते. टोक कापलं की त्यांची तोंडं उघडी पडतात, आणि झाड मेलं तरी नळ्या पाणी ओढायचं विसरत नाहीत. फेविकॉल म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म कण. पाणी लाकडात आणि हवेत निघून गेलं की कण एकमेकांना बिलगून त्यांचा पापुद्रा होतो. हा पापुद्राच दोन लाकडांना धरून ठेवतो. उघड्या तोंडांच्या टोकावर एकच थर देऊन पट्ट्या दाबल्या, तर नळ्या गोंद आत ओढून घेतात आणि दोन टोकांच्या मध्ये धरायला काही उरत नाही. कोपरा त्या दिवशी घट्ट वाटतो. पण तो उपाशी असतो. पहिला थर नळ्यांची तोंडं बुजवतो, म्हणून दुसरा थर जागेवर राहतो.

दाबण्याचीही एक रीत आहे. चाचा चौकटीच्या चार कोपऱ्यांवर लाकडाचे छोटे ठोकळे बसवतात, भोवती सुतळीचे दोन फेरे देतात आणि मध्ये काडी घालून पीळ देतात. शिकंजा त्यांच्याकडे आहे, पण चार कोपऱ्यांवर सारखा जोर येतो तो सुतळीने, असं त्यांचं मत. आणि पीळ किती द्यायचा? कडेला गोंदाचे बारीक मणी उमटले की थांबायचं. त्यापुढे पिळलं की आतला गोंदच बाहेर येतो आणि कोपरा पुन्हा उपाशी राहतो. ते मणी ओल्या फडक्याने लगेच पुसायचे, कारण वाळलेल्या फेविकॉलवर पॉलिश चढत नाही, डाग राहतो. मग दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात. आणि मग तिला हात लावायचा नाही. तासाभरात ती उचलण्याइतकी धरते, पण पुरती वाळायला एक दिवस-रात्र. पावसाळ्यात त्याहून जास्त.

फेविकॉलचं नाव घेतलं तर त्याची गोष्टही सांगायला हवी, कारण ती याच मुंबईतली आहे. बळवंत पारेख हे गुजरातमधल्या महुव्याचे. मुंबईत कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरी केली, तिथल्या वखारीतच राहिले. सुतार सरस कसा शिजवतात, त्याचा त्यांना किती त्रास होतो, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं असणार. १९५९ साली फेविकॉल आलं. शिजवायला नको, वास नाही, डबा उघडा आणि लावा. ते विकायला ते दुकानदारांवर अवलंबून राहिले नाहीत, थेट सुतारांकडे गेले. पुढे जाहिरातींनी फेविकॉलचं नाव घराघरांत नेलं, पण त्याआधी ते कारागिराच्या हाताने स्वीकारलं होतं.

मी चाचांना विचारलं, मग सरस वाईट आणि फेविकॉल चांगलं, असंच ना? त्यांनी मान हलवली. सरसात एक गुण होता जो फेविकॉलमध्ये नाही. सरस गरम पाण्याने सुटतो आणि जुन्या सरसावर नवा सरस पुन्हा धरतो. सरसाने जोडलेली वस्तू उघडता येते, दुरुस्त करता येते, परत जोडता येते. म्हणून तर अब्बांची चौकट वाचली. फेविकॉलचा कोपरा एकदा उघडला, की वाळलेल्या थरावर नवं फेविकॉल नीट चिकटत नाही. मग टोक कापून ताजं लाकूड काढावं लागतं आणि चौकट तेवढी लहान होते. “इसको मौका एक बार मिलता है,” ते म्हणाले. इथल्या हवेत टिकायचं तर फेविकॉल हवं, हे त्यांनीच ठरवलं. पण ज्याला एकदाच संधी आहे, त्याला ती नीट द्यायला हवी, हेही त्यांचंच म्हणणं.

अडचण अशी, की ही नीट द्यायची संधी आता धंद्यात परवडत नाही. चौकटीचा भाव पट्टीच्या फुटावर ठरतो, कोपऱ्यावर नाही. गिऱ्हाईक पट्टीचा रंग बघतं, सोनेरी नक्षी बघतं. कोपऱ्यात एक थर आहे की दोन, हे कुणालाच दिसत नाही. चाचांकडे हाताखाली एक पोरगा आहे, बिहारचा, कामाला चटपटीत. तो आधी बाजारातल्या एका मोठ्या दुकानात होता. तिथे यंत्र आहे: कोपरा ठेवायचा, पायाने दाबायचं, खालून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची पिन खटकन आत. एका मिनिटात चौकट तयार. आता निम्म्याहून जास्त पट्ट्या लाकडाच्या नसतातच, प्लास्टिकच्या असतात. त्यांवर फेविकॉल चालत नाही, फेविक्विकचे दोन थेंब आणि पिन. यंत्राबद्दल चाचांची तक्रार नाही. पिन कोपरा धरून ठेवते, ते चांगलंच. पण लाकडाच्या पट्टीत पिन हे सुतळीचं काम करते, गोंदाचं नाही. गोंद वाळेपर्यंत धरायला ती ठीक. नुसत्या पिनेवर सोडलेलं लाकूड दोन पावसाळ्यांत पिनेभोवती सैल होतं. पोरगा म्हणतो, “दो पावसाळ्यांनंतर कोण विचारायला येतंय, चाचा?” तो खोटं बोलत नाही. खरंच कुणी येत नाही. लोक नवी फ्रेम घेतात.

चाचांच्या गाळ्यात एक नियम मात्र सगळ्यांना आहे. गोंदाच्या हाताने चित्र उचलायचं नाही. आयत असो की लक्ष्मी, आधी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, मग कागदाला हात लावायचा. मला वाटलं अदब म्हणून. तीही आहे. पण पहिलं कारण म्हणजे फेविकॉलचं बोट कागदावर उमटलं की जात नाही. मी एकदा विचारलं, देवांच्या चित्रांना चौकट करताना मनात काही येतं का? म्हणाले, “चित्र त्यांचं. चौकट माझी. माझं काम ती सरळ ठेवायचं.” गिरगावात शिकलेलं मराठी ते असं अधूनमधून काढतात.

जानेवारी २०२४ची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितली. २२ तारखेला अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा होणार होती. आधीचे काही आठवडे मंदिराच्या चित्रांना चौकटी करून द्यायची कामं सगळ्यांकडेच होती, चाचांकडेही. अकरा चौकटींची ऑर्डर, आगाऊ पैसे घेतलेले. २१ तारखेला दुपारी त्यांनी शेवटच्या चौकटींना गोंद लावला, सुतळ्या पिळल्या आणि गाळा बंद करून घरी गेले. त्या रात्री नया नगर भागात दोन गटांत हाणामारी झाली. पुढचे दिवस तणावाचे. २३ तारखेला तिथल्या काही बांधकामांवर बुलडोझर फिरला. चाचांना घरच्यांनी चार दिवस बाहेर पडू दिलं नाही. फोनवर कुणीतरी विचारलं, तुमच्या गाळ्यात ती चित्रं आहेत, त्यांचं काय करणार? विचारणारा कोणत्या अर्थाने विचारत होता, हे त्यांना आजही माहीत नाही.

पाचव्या दिवशी ते गेले. चौकटी जशा ठेवल्या तशाच. सुतळ्या सोडल्या. “इतना अच्छा जोड जिंदगी में नहीं बना,” ते हसत म्हणाले, “चार दिन किसी ने हाथ जो नहीं लगाया.” काचा बसवल्या, हात धुतले, चित्रं लावली आणि एकेकाला फोन केले. नऊ जण येऊन घेऊन गेले. त्यांतल्या एका मावशींनी मुलांची खुशाली विचारली, थर्मासमधला चहा दिला. दोघे आले नाहीत. फोन उचलले नाहीत. त्या दोन चौकटी अजून गाळ्यात आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून दाराच्या मागे, जमिनीपासून वर फळीवर. पोरगा म्हणतो, चित्र काढून चौकटी विकून टाकू. चाचा ऐकत नाहीत. पैसे घेतलेत, वस्तू त्यांची आहे. अमानत आहे.

मला या गोष्टीतून मोठा अर्थ काढायचा मोह झाला. दोन तुकडे, दोघांनीही आपलं टोक तिरकं कापून घ्यायचं, आधी तहान भागवायची, मग जवळ आणायचं, जास्त दाबायचं नाही, घाई करायची नाही. मी असं काहीतरी बोलू लागले तेव्हा चाचा म्हणाले, “बेटी, लकडी आसान है. उसको नाम नहीं पूछना पडता.” मी गप्प बसले.

अम्मीच्या खोलीत ते मानपत्र तीन पावसाळे झाले सरळ आहे. पण मला लिहायचं आहे ते तुमच्या भिंतीसाठी. पुढच्या वेळी फ्रेम करून घ्याल तेव्हा पट्टीचा रंग बघून झाला की चौकट उलटी करून कोपरा बघा. लाकडाची आहे का विचारा. समोरासमोरचे दोन कोपरे हातात धरून अगदी हलका पीळ द्या. चांगला जोड करकरत नाही. दुकानदाराला म्हणा, गोंद दोनदा लावा आणि त्यासाठी चार पैसे जास्त घ्या. आणि तो म्हणाला, “आज नाही मिळणार, परवा या,” तर रागावू नका. भाव न मिळणारं काम तो तुमच्यासाठी करतोय. अशी मागणी करणारी दहा गिऱ्हाइकं आली, तर चाचांच्या हाताखालचा तो पोरगाही पहिला थर चोळून पाच मिनिटं थांबायला शिकेल. आज तो थांबत नाही, कारण त्याला थांबायचे पैसे कुणी देत नाही.